एकटीने छोटं विमान घेऊन सुट्टी: जमिनीवर बसायचे दिवस आधीच धरा

रानपाखरू
परवा परत आले. ११ दिवस, ९ टप्पे, १९ तास ४० मिनिटं हवेत, आणि सगळा वेळ शेजारची सीट रिकामी. परवाना मिळून तीन वर्षं झाली, पण लांबच्या उड्डाणाला आजवर कोणी ना कोणी सोबत असायचं. या उन्हाळ्यात ठरवलं की एकटीनेच जायचं. निघण्यापूर्वी इथल्या काही जणांनी "आल्यावर सविस्तर लिही" म्हणून बजावलं होतं, म्हणून हा धागा.

विमान क्लबचं, सेसना १५२. दोन सीटा, एक इंजिन, वेग साधारण शंभर नॉट, म्हणजे ताशी १८५ किलोमीटर. एकटं जायला याच्यासारखं विमान नाही. कमाल वजन ७५७ किलो, त्यामुळे दुसरं माणूस नसलं की टाक्या भरून, सामान घेऊनही वजनाला जागा उरते. फक्त उजव्या सीटवर बॅग ठेवणार असाल तर तिला सीटबेल्ट घट्ट आवळा आणि स्टिअरिंग पूर्ण मागे, पूर्ण डावी-उजवीकडे फिरवून बघा. बॅग पुढे सरकून उजवीकडच्या दांड्याला अडली तर विमान नाक वर घेणार नाही, आणि हे कळेल तेव्हा धावपट्टी संपत आलेली असेल.

आता मुख्य मुद्दा. ११ दिवसांतले मी ६ दिवस उडले आणि ५ दिवस जमिनीवर होते. हे हवामानामुळे झालं, पण धरलेलं आधीच होतं. क्लबकडून विमान घेताना तीन दिवस जास्तीचे मागून घेतले, राहायच्या जागा रद्द करता येतील अशाच घेतल्या, आणि ऑफिसात परतीची तारीख सांगताना दोन दिवस पुढची सांगितली. दोघं असतात तेव्हा एकजण ढगांकडे बघून "थांबूया का?" असं म्हणतोच. एकट्याला ते कोण म्हणणार? आपलंच मन "अजून पाच मिनिटं बघू" म्हणत राहतं. म्हणून ते "थांबूया" मी घरी, टेबलावर नकाशा पसरून, आधीच म्हणून ठेवलं.

चौथ्या दिवशीची गोष्ट सांगते. मध्ये डोंगरांच्या दोन रांगा, त्यापलीकडे उतरायचं. नकाशावर पहिल्या रांगेच्या अलीकडे रेल्वेचा पूल आहे. तिथे मी पेन्सिलने आडवी रेघ मारली होती आणि शेजारी लिहिलं होतं, "इथून दुसरी रांग दिसली नाही तर मागे." निघताना आकाश ठीक होतं. वीस-पंचवीस मिनिटांनी उन्हाळ्यातला तो पांढुरका धुरकटपणा वाढत गेला. खाली बघितलं तर सगळं स्वच्छ, नदी, शेतं, रस्त्यावरचे ट्रकसुद्धा. पण समोर बघितलं तर दुधात पाणी मिसळल्यासारखं. पूल आला. पहिली रांग दिसत होती, तिच्यावरची झाडं दिसत होती. दुसरीच्या जागी नुसता राखाडी पट्टा.

मनात लगेच आलं, खिंडीपर्यंत तर जाऊ, तिथून दिसेल. मी मोठ्याने म्हटलं, "रेघेवर काय लिहिलंय?" स्वतःचाच आवाज हेडसेटमध्ये ऐकला आणि डावीकडे वळले. उतरल्यावर तिथेच दोन दिवस बसले. तिसऱ्या दिवशी पहाटे तीच खिंड आरपार दिसत होती.

विचारा काय विचारायचं ते.

अबोली_क
ताई, वाचताना हात घट्ट झाले होते माझे. मी उडवत नाही, माझा नवरा उडवतो आणि पुढच्या महिन्यात तोही असाच एकटा जायचं म्हणतोय. घरच्यांना कसं कळवत होतीस? मला "पोचलो" हा एक मेसेज येईपर्यंत काही सुचत नाही.

रानपाखरू
अबोली, तुझ्यासाठी नीट लिहिते.

प्रत्येक टप्प्याला फ्लाइट प्लॅन दिला होता (कुठून कुठे, किती वाजता, हे हवाई वाहतूक नियंत्रणाला आधी कळवणं), आणि त्याशिवाय बहिणीला एक मेसेज: कुठून निघतेय, कुठे उतरणार, किती वाजता, आणि किती वाजेपर्यंत माझा मेसेज आला नाही तर कोणाला फोन करायचा. ती शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची. नुसतं "पोचले की कळवते" म्हटलं की घरचे पहिल्या मिनिटापासून घाबरतात. वेळ ठरलेली असली की तोवर त्यांनाही शांत बसता येतं. उतरल्यापासून तासाभराची मुदत मी ठेवली होती, कारण विमान बांधणं, इंधन, कागदपत्रं यात तेवढा वेळ जातोच.

आणि नवऱ्याला सांग, उतरल्यावर फ्लाइट प्लॅन बंद करायला विसरू नकोस. टॉवर नसलेल्या धावपट्टीवर तो आपणच बंद करायचा असतो. ठरलेल्या वेळेनंतर अर्ध्या तासात विमानाची खबर नसेल तर शोधाची पहिली पायरी सुरू होते. दुसऱ्या दिवशी मी विसरले होते. सामान उतरवत असताना फोन वाजला, पलीकडच्या माणसाने शांतपणे विचारलं, "आपण उतरलात का?" मला फार वाईट वाटलं. त्यानंतर विमानाची किल्ली फोनला रबरबँडने बांधून ठेवायचे, म्हणजे किल्ली काढली की फोन हातात येतोच.

छोटा ४०६ मेगाहर्ट्झचा आपत्कालीन बीकन (उपग्रहाला मदतीचा इशारा पाठवणारं यंत्र) घ्यायला सांग, आणि तो बॅगेत नाही, अंगावर. विमानातून घाईने बाहेर पडलात तर बॅग आतच राहते.

घाटवाटा
फार छान लिहिलंयस. पण उन्हाळी सहलीत मला ढगांपेक्षा उकाड्याची जास्त धास्ती वाटते. ११० हॉर्सपॉवरचं इंजिन घेऊन उंचावरच्या धावपट्ट्यांवर कशी गेलीस? आकडे दे ना.

रानपाखरू
एकच उंच धावपट्टी होती, समुद्रसपाटीपासून ३,००० फुटांवर. दुपारी तापमान ३६ अंश. प्रमाण वातावरणात ३,००० फुटांवर ९ अंश असायला हवं, म्हणजे २७ अंश जास्त. हवा तापली की उंचावरच्यासारखी विरळ होते; दर अंशाला साधारण १२० फूट धरले तर ३,२४० फूट आणखी. म्हणजे हवेचा दाब सर्वसाधारण असला तरी माझ्या इंजिनाला आणि पंखांना ती धावपट्टी ६,२०० फुटांवर असल्यासारखी वाटणार. तिथून मी दुपारी निघालेच नाही. पहाटे साडेपाचला तापमान १९ होतं. तोच हिशेब केला की ४,२०० येतात. धावपट्टी तीच, विमान तेच, फरक २,००० फुटांचा.

विमानाच्या पुस्तकातल्या टेकऑफच्या अंतरात मी अर्ध्याची भर घालून बघते. आणि उंचावर इंजिन पूर्ण ताकदीवर ठेवून मिक्श्चरची, म्हणजे हवेत किती इंधन मिसळायचं ते ठरवणारी, दांडी आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) सगळ्यात जास्त येईपर्यंत मागे ओढायची, मगच निघायचं. सखल भागात शिकलेल्यांना मिक्श्चर पूर्ण आत ठेवायची सवय लागलेली असते, मलाही होती.

वातकुक्कुट
रानपाखरू, तुझं अभिनंदन खिंडीपाशी वळल्याबद्दल. मी तीस वर्षं शिकवतो आहे आणि विद्यार्थ्यांना नकाशावर अशी रेघ मारायला लावतो. वर असताना माणूस हुशारच असतो, पण त्याला घाई असते. जमिनीवर घाई नसते.

धुरकट हवेबद्दल थोडं सांगतो, कारण ही उन्हाळ्यातली फसवी गोष्ट आहे. खाली सरळ बघितलं तर तुमच्या आणि जमिनीच्या मध्ये धुरकट हवेचा दोन-तीन हजार फुटांचाच थर असतो. समोर तिरकं बघता तेव्हा त्याच थरातून कितीतरी किलोमीटर नजर जाते. म्हणून खालचं गाव लख्ख दिसतं आणि समोरचा डोंगर नाही. सूर्य समोर असेल तर आणखी वाईट. संध्याकाळी पश्चिमेकडे जायचं असेल तर हवामान खात्याने सांगितलेली दृश्यमानता निम्मी धरा.

आणि जे म्हणतात "ढगात शिरलो तर उपकरणं बघून सरळ बाहेर पडू", त्यांच्यासाठी. १९५४ साली इलिनॉय विद्यापीठात २० वैमानिकांवर प्रयोग झाला होता. उपकरणांवर उडण्याचं प्रशिक्षण नसलेले हे वैमानिक, बाहेरचं दिसणं बंद केलेलं. विसाच्या वीस जणांच्या हातून विमान सुटलं. सरासरी वेळ १७८ सेकंद. तीन मिनिटंसुद्धा नाहीत. सोबत कोणी असेल तर नकाशा तो बघतो, रेडिओ तो सांभाळतो. एकट्याला त्या १७८ सेकंदांतच हेही करायचं असतं.

नेटका
काका, तुमचा मान ठेवून म्हणतो, पण आता टॅबलेटवर सगळं येतं. डोंगर जवळ आला की नकाशावर तो भाग लाल होतो, हवामान दिसतं, उतरायला जवळची धावपट्टी कोणती तेही. कागदावर पेन्सिलच्या रेघा मारत बसायची खरंच गरज आहे का? मी गेल्या वर्षी एकटा आठ दिवस फिरलो, कागद उघडलासुद्धा नाही.

रानपाखरू
नेटका, माझ्याकडेही टॅबलेट होता आणि त्याचा मला खूप उपयोग झाला. पण सहाव्या दिवशी काय झालं ते सांगते. काचेला चिकटवलेला, वरून ऊन. अशा यंत्रांना साधारण ३५ अंशांपर्यंतची हवा झेपते, उन्हात काचेमागे त्याहून कितीतरी जास्त होतं. आधी पडदा मंद झाला, मग थर्मामीटरचं चित्र आलं आणि सगळं काळं. सीटच्या सावलीत ठेवल्यावर वीस मिनिटांनी परत सुरू झाला.

त्या वीस मिनिटांत मांडीवर १:५,००,००० चा नकाशा होता, एक सेंटिमीटर म्हणजे पाच किलोमीटर. मार्गाच्या रेघेवर दर दहा मिनिटांच्या खुणा होत्या. घड्याळ बघितलं, खूण बघितली, खाली बघितलं: तळं डावीकडे, त्याच्या दक्षिण टोकाला दोन रस्ते मिळतात. बरोबर. मला एक मिनिटही हरवल्यासारखं वाटलं नाही, आणि खरं सांगते, त्या संपूर्ण सहलीत मी सगळ्यात जास्त खिडकीबाहेर बघितलं ते याच वीस मिनिटांत.

वातकुक्कुट
नेटका, टॅबलेट जरूर वापर. पण डोंगर लाल होतो तेव्हा तो जवळ आलेला असतो. रेघ त्याच्या खूप आधी असते.

नेटका
हे पटलं काका. पुढच्या वेळी निदान मागे वळायच्या रेघा तरी कागदावर मारीन.

दर्यावर्दी
मी बेटांवर जातो नेहमी, एकटाच. समुद्राबद्दल कोणी विचारलं नाही म्हणून लिहितो.

इंजिन बंद पडलं तर छोटं विमान हजार फुटांमागे साधारण दीड सागरी मैल तरंगत जातं. ६,००० फुटांवर असाल तर नऊ मैल, वारा समोरून असेल तर कमी. त्यामुळे निघण्यापूर्वी हिशेब करायचा की दोन्हीकडच्या किनाऱ्यांपासून नऊ मैलांहून दूर किती मिनिटं असणार आहोत. माझ्या नेहमीच्या मार्गावर ती सहा मिनिटं आहेत. लाइफ जॅकेट निघतानाच अंगात घालायचं, सीटवर एकटं असताना समुद्रावर ते चढवता येत नाही. आणि आत असताना फुगवायचं नाही. पाणी आत शिरलं की फुगलेलं जॅकेट तुम्हाला छताला चिकटवतं, दारातून खाली जाता येत नाही.

दुसरं, कार्ब्युरेटरमधला, म्हणजे हवा आणि इंधन मिसळणाऱ्या भागातला, बर्फ. लोकांना वाटतं हा हिवाळ्यातला प्रकार. कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यात हवा पसरते, इंधनाची वाफ होते आणि तापमान वीस-तीस अंशांनी पडतं. बाहेर २५ अंश आणि दमट हवा असेल तर आत बर्फ धरू शकतो. समुद्रावरची उन्हाळ्यातली हवा नेमकी तशीच असते. दोन वर्षांपूर्वी बेटाकडे उतरताना थ्रॉटल कमी केलं होतं, आणि आरपीएमचा काटा मी न हलवता हळूहळू खाली यायला लागला. २,१००, २,०५०, १,९५०. इंजिनाचा आवाज थोडासा घोगरा. कार्ब हीट (कार्ब्युरेटरमध्ये गरम हवा सोडणारी दांडी) ओढली तर काटा आणखी खाली गेला आणि इंजिन खडखडायला लागलं. इथेच माणसं चुकतात, बिघडलं म्हणून परत आत ढकलतात. तो खडखडाट म्हणजे वितळलेला बर्फ पाणी होऊन इंजिनात जातोय. मी ओढूनच धरली. सात-आठ सेकंद असतील, फार लांब वाटले. मग काटा चढला.

नवशिका_पायलट
मी अजून शिकतोय, एकट्याने उडून फक्त चार तास झालेत. दोन प्रश्न विचारतो, कोणी हसू नका. अडीच तासांच्या टप्प्यात पाणी प्यायचं की नाही? आणि रात्री अनोळखी धावपट्टीवर विमान एकटं सोडताना काय काय करायचं?

रानपाखरू
यात हसण्यासारखं काही नाही, पहिला प्रश्न तर फारच महत्त्वाचा.

पाणी प्यायचंच. मध्येच जावं लागेल म्हणून बरेच जण पाणी टाळतात. पारदर्शक छताखाली किंवा मोठ्या काचेमागे दोन तास घाम गाळल्यावर डोकं दुखायला लागतं, आणि त्याआधी विचार मंद होतात, पण ते आपल्याला जाणवत नाही. रेडिओवर उत्तर द्यायला मी एकदा दोनदा चुकले, तेव्हा कळलं की सकाळपासून अर्धा ग्लासही पाणी पोटात गेलेलं नाही. त्यासाठीच्या खास पिशव्या मिळतात, बायकांसाठीच्याही. घरी एकदा वापरून बघ, मग बरोबर घे. आणि टप्पेच दोन-सव्वादोन तासांचे ठेव. १५२ मध्ये त्याहून जास्त वेळ उडण्याइतकं इंधन असतं, पण उतरताना मला टाकीत निदान तासाभराचं हवं असतं. बऱ्याच ठिकाणी दिवसाच्या उड्डाणाला नियम ३० मिनिटांचा आहे. एकट्याने अनोळखी ठिकाणी जाताना तेवढं मला पुरेसं वाटत नाही.

दुसरा प्रश्न. नाक वाऱ्याकडे, चाकांना ठोकळे, तीन दोर: दोन्ही पंखांना आणि शेपटीला. सुती किंवा तागाचा दोर ओला झाला की आखडतो, म्हणून बोटभर ढील ठेव. स्टिअरिंगला कुलूप. आणि पिटो ट्यूबवर, म्हणजे वेगाच्या काट्याला हवेचा दाब पोचवणाऱ्या पंखाखालच्या नळीवर, टोपी. ही टोपी मी एकाच रात्री विसरले.

सकाळी निघाले, थ्रॉटल पूर्ण, विमान धावायला लागलं, इंजिन ठीक, आरपीएम ठीक. "वेग येतोय" असं म्हणायची सवय आहे. म्हणायला तोंड उघडलं आणि काट्याकडे बघितलं तर तो शून्यावर. बाहेर गवत भराभर मागे पळत होतं. थ्रॉटल बंद, ब्रेक. अर्धी धावपट्टी शिल्लक असताना थांबले. पंखाखाली जाऊन बघितलं तर पिटोच्या भोकात ओली माती, गुळगुळीत लिंपलेली, मधोमध टाचणीच्या डोक्याएवढं छिद्र. कुंभारीण माशीने एका रात्रीत, खरं तर पहाटेच्या दोन तासांत, घर बांधायला घेतलं होतं. उड्डाणापूर्वीच्या तपासणीत मी पिटोला हात लावला होता, पण आत वाकून बघितलं नव्हतं. आता वाकून बघते.

तार घालून कोरायचा मोह आवर. माती आत ढकलली जाते. तिथला मेकॅनिक दुपारी यायचा होता, तोवर थांबले. त्याने नळी मागून सोडवून साफ केली, मग वेगाचा काटा तपासून दिला. अर्धा दिवस गेला, पण तो हिशेबातलाच होता.

घाटवाटा
इंधनाचंही सांग त्याला. अनोळखी ठिकाणी भरताना समोर उभं राहायचं.

रानपाखरू
हो, राहिलंच. आपल्या इंजिनाचं पेट्रोल, १०० एलएल, निळसर असतं. जेट इंधन पाण्यासारखं किंवा फिकट पिवळं. भरून झाल्यावर दहा-पंधरा मिनिटं थांबून टाकीच्या प्रत्येक निचऱ्यातून काचेच्या नळीत थोडं काढायचं आणि पांढऱ्या पार्श्वभूमीवर धरायचं. मी विमानाचा पंखच वापरते. निळं दिसलं पाहिजे, तळाशी पाण्याचा थेंब नको, खडा-कचरा नको. एका ठिकाणी तळाशी मसुराएवढा थेंब लोळत होता, चार वेळा काढल्यावर गेला. अशा वेळी नळीत सगळंच पाणी आहे का हेही वासाने बघायचं, कारण पूर्ण पाणी असेल तर पाणी आणि इंधन यांमधली रेघ दिसतच नाही. आणि टाकीत काठी बुडवून स्वतः मोजायचं, काट्यावर विसंबायचं नाही.

दर्यावर्दी
एकट्याने जाणाऱ्यांना लोक "कंटाळा येत नाही का" विचारतात. माझा अनुभव उलटा आहे. दोघं असलो की आपापसात बोलतो. एकटा उतरलो की पाच मिनिटांत कोणीतरी येऊन विचारतं, कुठून आलात, दोर आहे का, चहा घेणार का. १९३० सालचं आठवा. अ‍ॅस्पी इंजिनिअर आणि जे. आर. डी. टाटा, दोघं एकाच बक्षिसासाठी उलट दिशांनी एकटे उडत होते, इंग्लंड ते भारत आणि भारत ते इंग्लंड. इजिप्तमध्ये अबुकीरला दोघांची गाठ पडली. अ‍ॅस्पी १७ वर्षांचा, स्पार्क प्लग नाहीत म्हणून अडकलेला. जे. आर. डीं.नी आपल्याकडचे जास्तीचे प्लग त्याला दिले. शर्यत अ‍ॅस्पीने जिंकली. छोट्या धावपट्ट्यांवर ही वृत्ती मला अजूनही भेटते.

अबोली_क
ही गोष्ट नवऱ्याला वाचून दाखवली. त्याने आत्ताच एक जास्तीचा प्लग आणि पाना यादीत लिहिला. आणि हो, मेसेजमध्ये वेळ लिहायचं कबूल केलंय!

नवशिका_पायलट
खूप आभार सगळ्यांचे. शेवटचं एक विचारतो ताई, ते ५ दिवस जमिनीवर करमलं कसं? मला तर विमान समोर असताना बसवणार नाही.

रानपाखरू
पहिल्या दिवशी मलाही बसवत नव्हतं. दर अर्ध्या तासाला मेटार, म्हणजे विमानतळाचा हवामान अहवाल, बघत होते. तापमान आणि दवबिंदू यातला फरक चारशेने गुणायचा, ढगांचा तळ किती फुटांवर ते कळतं. ३० आणि २० असले तर चार हजार. सकाळी फरक चारचा होता म्हणजे सोळाशे, आणि डोंगर दोन हजारांचे. बघून काही बदलत नव्हतं.

दुपारी मेकॅनिक एका जुन्या विमानाचं चाक काढत होता, त्याच्या हाताखाली हत्यारं देत बसले. बेअरिंगला ग्रीस कसं तळहातावर घेऊन दाबून भरतात ते त्याने माझ्याकडून करून घेतलं. नखांतलं ग्रीस दोन दिवस गेलं नाही. दुसऱ्या दिवशी ग्लायडरवाले आले होते, त्यांचा दोर धरायला धावले. चढत्या हवेत गिधाडं कुठे गोल फिरतात ते बघून ते सांगत होते आता उचल कुठे मिळेल, आणि मी तेच उलटं लिहून घेत होते, कारण दुपारी मला तिथेच धक्के बसणार होते.

संध्याकाळी सहाला वारा पडला, विंडसॉक (वारा दाखवणारी कापडी नळी) काठीला लोंबला. विमानाच्या चाकाला टेकून बसले होते आणि उद्याच्या टप्प्यावर पेन्सिलने रेघा मारत होते.

पुढच्या उन्हाळ्यासाठी क्लबला आत्ताच विचारून ठेवलंय. टप्पे तेच ९, दिवस १४.